बँडसॉच्या ब्लेडला ताण किती द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्टीने, म्हणजे ब्लेडने, कापणारं मशीन) आता फक्त मोठ्या वखारीत राहिलेला नाही. नांदेड, परभणी, लातूर, जालन्याच्या फर्निचरवाल्यांकडे आणि तालुक्याच्या गावातल्या सुतारांच्या शेडमध्येही १४ ते १८ इंची चाकांची मशीनं दिसतात. मशीन विकणारा ते बसवून देतो, चालू करून दाखवतो आणि ताणाबद्दल "काटा या खुणेवर ठेवा" एवढंच सांगून जातो. तेवढ्यावर भागत नाही. खालचे बहुतेक प्रश्न तिथूनच सुरू होतात.

ताण कशासाठी? ब्लेड चाकावरून घसरू नये म्हणूनच ना?

चाकावर टिकायला थोडासा ताणही पुरतो. खरी गरज कापताना लागते. लाकूड पुढे रेटलं की वरच्या आणि खालच्या गाइडच्या (ब्लेडला बाजूने सावरणाऱ्या आधारांच्या) मधलं ब्लेड मागे दबतं. अशा वेळी ब्लेडची पाठ ताणली जाते आणि दात्यांची कड आकसायला बघते. आधी दिलेला ताण भरपूर असेल तर दात्यांची कड तरीही ताठ राहते. तो कमी असेल तर त्या कडेतला ताण संपतो आणि ब्लेड लाकडाच्या पोटात बाजूला वळतं. वरून बघाल तर काप रेघेवरच चाललेला असतो. फळी सुटी झाली की कळतं: वरच्या आणि खालच्या कडेला जाडी पाऊण इंच, आणि मधोमध एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी. बाजेची सुतळी ओढून बांधली की माणूस बसला तरी बाज खाली जात नाही, तसंच हे आहे.

मग किती द्यायचा? एक आकडा सांगा.

आकडा आहे, पण तो ब्लेडच्या छेदावर म्हणजे रुंदी गुणिले जाडीवर ठरतो. साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडला छेदाच्या दर चौरस मिलिमीटरला साधारण १० ते १४ किलो ताण लागतो. बायमेटल ब्लेडला (पाठ लवचीक पोलादाची, दाते कठीण पोलादाचे) १७ ते २१ किलो. परदेशी कॅटलॉगमध्ये हेच पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड) छापलेलं असतं: कार्बनला १५,००० ते २०,००० आणि बायमेटलला २५,००० ते ३०,०००.

आता हिशोब करून बघू. अर्धा इंची म्हणजे चार सुती ब्लेड १२.७ मिलिमीटर रुंद आणि ०.६ मिलिमीटरच्या थोडं वर जाड असतं. छेद झाला सुमारे ८ चौरस मिलिमीटर. १० किलोच्या हिशोबाने ८० किलो. पण ब्लेड वरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ओढतं, एकदा कापाच्या बाजूला आणि एकदा परतीच्या बाजूला. म्हणजे वरच्या चाकावर, त्याच्या शाफ्टवर आणि ते चाक वर उचलून ताण देणाऱ्या स्प्रिंगवर १६० किलोचा भार. एक इंची, ०.९ मिलिमीटर जाड ब्लेडला हाच भार साडेचारशे किलोच्या घरात जातो. तेच ब्लेड बायमेटल असेल तर कमीत कमी पावणेआठशे किलो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दाते ताण पेलत नाहीत. म्हणून बारकाईने हिशोब करायचा असेल तर रुंदी दोन दात्यांमधल्या खाचेच्या तळापासून पाठीपर्यंत धरायची.

मशीनवरच्या पट्टीवर १/२ लिहिलंय. अर्धा इंची ब्लेड लावून काटा तिथे आणला, तरी काप वाकडा येतो. का?

तो काटा स्प्रिंग किती दबली एवढंच दाखवतो. ब्लेड पातळ आहे की जाड, कार्बन आहे की बायमेटल, याची त्याला खबर नसते. त्या खुणा एका ठराविक ब्लेडसाठी छापलेल्या असतात, आणि छोट्या मशीनवर काटा खुणेवर आणला तरी ब्लेडला बहुधा कमीच ताण मिळतो. त्यात स्प्रिंग वर्षानुवर्षं दबलेली राहिली की मऊ पडते. मग काटा जुन्याच जागी येतो, पण ब्लेडवरचा ताण पहिल्यासारखा राहत नाही.

पट्टी निकामी आहे असं नाही. एकदा खरा ताण मोजा, काटा कुठे थांबला ते बघा आणि तिथे स्वतःची रंगाची खूण करा. प्रत्येक ब्लेडसाठी वेगळी. ती खूण तुमच्या मशीनची आणि तुमच्या ब्लेडची असते, म्हणून छापील खुणेपेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

खरा ताण आपल्या शेडमध्ये मोजता येतो का? गेज फार महाग आहे.

येतो, आणि त्यासाठी व्हर्निअर कॅलिपर पुरतो. पोलाद ताणलं की ठरलेल्या प्रमाणात लांबतं. ते किती लांबलं हे मोजलं की ताण कळला. बाजारातलं महागडं टेन्शन गेजही आतून हेच करतं.

मशीन बंद करा आणि प्लग काढा. ब्लेड चाकांवर चढवून ते नुसतं सरळ होईल एवढंच ओढा, त्याहून जास्त नाही. डिजिटल व्हर्निअरचे जबडे १५० मिलिमीटर उघडा. एक जबडा ब्लेडच्या सपाट भागावर वरच्या बाजूला आणि दुसरा खालच्या बाजूला छोट्या क्लॅम्पने आवळा. दात्यांवर नाही, पाठीच्या बाजूला. स्लाइडचा स्क्रू मोकळा राहू द्या आणि आकडा शून्य करा. आता हँडव्हील (ताण देण्याचं हातचाक) हळूहळू फिरवा. आकडा ०.०७ मिलिमीटर झाला की चौरस मिलिमीटरला साधारण १० किलो ताण आला. ०.१० म्हणजे १४ किलो, ०.१५ म्हणजे २१ किलो. ब्लेड कितीही रुंद किंवा जाड असलं तरी हेच आकडे, कारण हिशोब दर चौरस मिलिमीटरचा आहे. या पद्धतीची सगळी सोय यातच आहे.

०.०७ आणि ०.१० मधला फरक व्हर्निअरवर फार बारीक वाटत असेल, तर अर्धा मीटर लांबीची सरळ लाकडी पट्टी घ्या. तिचं एक टोक ब्लेडला आवळा, दुसरं टोक मोकळं सरकू द्या आणि त्या टोकावर डायल गेज बसवून त्याची सुई ब्लेडला आवळलेल्या छोट्या क्लॅम्पवर टेकवा. ५०० मिलिमीटरला ०.२४ मिलिमीटर म्हणजे १० किलो, ०.५० म्हणजे २१ किलो. वाचायला सोपं. मोजून झाल्यावर क्लॅम्प काढल्याशिवाय मशीनच्या बटणाला हात लावायचा नाही.

रोज ब्लेड बदलताना एवढं मोजत बसणार कोण? पटकन होईल असं काही?

फडफडीवरून ठरवा. वरचं-खालचं गाइड आणि ब्लेडच्या पाठीला आधार देणारं मागचं बेअरिंग ब्लेडपासून दूर सरकवा. दारं बंद करून मशीन रिकामं चालू करा. आता बाजूला उभं राहून ताण थोडा थोडा कमी करत जा. एका जागी ब्लेड डावी-उजवीकडे थरथरायला लागतं. उजेडात बघितलं तर त्याची पातळ कड जाड दिसायला लागते. तिथून उलटं फिरवा. थरथर थांबली की आणखी पाव ते अर्धा आटा द्या. बस. गाइड परत जागेवर आणा.

हा त्या ब्लेडचा किमान उपयोगी ताण समजा. पातळ फळी कापायला आणि गोलाईच्या कामाला तो चालतो. आठ इंच उंचीचा ठोकळा उभा चिरायचा असेल तर मोजून केलेल्या खुणेवरच जा.

जुने मिस्त्री बोटाने दाबून किंवा टिचकी मारून बघतात. ते बरोबर आहे का?

गाइड सहा इंच वर घेऊन मध्ये बोटाने दाबलं आणि ब्लेड दोन सूत सरकलं की ताण बरा, असा एक ठोकताळा आहे. रोज एकाच मशीनवर एकच ब्लेड वापरणाऱ्या माणसाच्या बोटाला तो बरोबर कळतो, यात शंका नाही. पण बोट बदललं की आकडा बदलतो, आणि ब्लेडची जाडी बदलली तरी बदलतो. टिचकीच्या आवाजाचंही तेच. मोजून लावलेला ताण रोज बोटाने तपासायला हे चांगलं आहे. नव्या ब्लेडवर ताण ठरवायला नाही.

१४ इंची मशीनवर एक इंची ब्लेड लावलं तर बाभूळ सरळ चिरेल ना? दुकानदार म्हणतो, रुंद ब्लेड म्हणजे सरळ काप.

हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात पैसे जातात आणि काप तरीही बिघडतो.

रुंद ब्लेड सरळ चालतं हे खरं, पण पुरेसं ताणलेलं असेल तर. वरचा हिशोब आठवा. अर्ध्या इंची ब्लेडला चाकावर १६० किलो लागले, एक इंचीला साडेचारशे. १४ इंची मशीनची चौकट आणि स्प्रिंग त्यासाठी बनवलेली नसते. हँडव्हील फिरवत गेलात की स्प्रिंगचे आटे एकमेकांना टेकतात. नंतर पुढे आवळलं की चौकट वाकते, वरचं चाक खालच्या चाकाच्या रेषेतून सुटतं आणि ब्लेड अजूनही ढिलंच. अशा ढिल्या एक इंची ब्लेडपेक्षा नीट ताणलेलं अर्धा इंची ब्लेड सरळ चिरतं. दोन्हींतून एकाच ओंडक्याच्या फळ्या काढून शेजारी ठेवा, पटेल.

दुसरी गोष्ट जाडीची. ब्लेड चाकावरून वळतं तेव्हा त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर वेगळा ताण येतो. १४ इंची चाकावर ०.९ मिलिमीटर जाड ब्लेड वळताना तो चौरस मिलिमीटरला ५० किलोच्या वर जातो. ०.५ मिलिमीटरचं ब्लेड असेल तर ३० च्या आत राहतो. म्हणजे आपण हँडव्हीलने देतो त्या १०-१४ किलोच्या कित्येक पट, आणि तोही प्रत्येक फेरीला दोनदा. जाड ब्लेड छोट्या चाकावर लवकर तडकतं ते यामुळे. ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असावी, हा जुना नियम इथूनच आला. छोट्या मशीनवर थोडं वर जावंच लागतं, पण ०.९ फार झालं.

१४ इंची मशीनसाठी माझी शिफारस: अर्धा इंच रुंद, ०.५ ते ०.६ मिलिमीटर जाड, इंचाला तीन दाते. उभं चिरायला हेच. १८ इंची मशीन असेल आणि चौकट भक्कम असेल तर पाऊण इंचापर्यंत जा.

मृगाच्या आधी औतांची कामं येतात. बाभळीचा आठ इंची ठोकळा चिरला की फळीला पोट येतं. ताण आणखी वाढवू का?

आधी ब्लेड उतरवून दाते बघा. वाळलेली बाभूळ कठीण असते आणि तिच्या सालीत धूळ-माती बसलेली असते. सालीसकट ओंडका घातला की दाते काही मिनिटांत बोथट होतात. बोथट ब्लेड कापत नाही, मग आपण जोरात रेटतो आणि जोर वाढला की ब्लेड वळतं. इथे ताण वाढवून काही होत नाही. चिरण्याआधी साल कुऱ्हाडीने किंवा वाकसाने काढून टाका. बाभळीला याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही.

मग दात्यांची संख्या. आठ इंची कापात इंचाला सहा दाते असलेलं ब्लेड घातलं तर एकाच वेळी ४८ दाते लाकडात असतात. त्यांच्या खाचा भुशाने गच्च भरतात, भुसा बाहेर पडायला जागा राहत नाही, ब्लेड तापतं आणि वळतं. इंचाला दोन किंवा तीन दाते हवेत.

वरचं गाइड लाकडाच्या दोन सूत वर आणा. बरेच जण ते सकाळी एकदा वर करतात आणि दिवसभर तिथेच ठेवतात. गाइडांमधलं अंतर अर्धं केलं की ब्लेडचा ताठपणा दुपटीहून जास्त वाढतो, तेही फुकट.

एवढं करूनही पोट आलं तर ताण मोजा. ते नेहमी त्याच एका बाजूला येत असेल तर दात्यांचा सेट (दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात तो कल) एका बाजूला जास्त आहे, आणि त्याला ताणाचा इलाज नाही.

किनवटकडच्या सागवानाबद्दलही विचारतात. सागवान बाभळीपेक्षा मऊ आहे, पण त्यात सिलिका असते, म्हणून दाते झिजतात. सागवानात काप बिघडायला लागला तर धार लावायची वेळ झाली असं समजा. रस्त्याकडेच्या कडुलिंबाला पाट्या लावायला मारलेले खिळे आत असतात, तेव्हा ओंडका घालण्याआधी चुंबक फिरवून बघा.

ब्लेड सारखं तुटतं. ताण जास्त झालाय का?

तुटलेले तुकडे टाकून देऊ नका, तडा कुठून सुरू झाला ते बघा. दोन दात्यांमधल्या खाचेतून सुरू झाला असेल तर बोथट ब्लेडने रेटणं, चाकाच्या मानाने जाड ब्लेड, किंवा त्या ब्लेडचं आयुष्यच संपलेलं असणं, यातलं काहीतरी. पाठीकडून सुरू झाला असेल तर मागचं बेअरिंग फिरत नाही किंवा ब्लेड त्याला कायम घासतंय. बेअरिंग रिकामं चालताना ब्लेडला टेकता कामा नये, अर्धा ते एक मिलिमीटर फट हवी. जोडावरच तुटत असेल तर जोड मारणाऱ्याकडे जा. वेल्डनंतर तो भाग तापवून हळू थंड केला नाही तर काचेइतका कडक राहतो आणि पहिल्याच दिवशी सुटतो. जोडाचा उंचवटा घासून सपाट केलेला आहे का हेही बोट फिरवून बघा. गाइडमधून जाताना दर फेरीला टक् आवाज येत असेल तर तो तिथलाच.

नुसत्या जास्त ताणाने तुटण्याचं मुख्य कारण स्प्रिंग पूर्ण दबलेली असणं. तिचे आटे टेकलेले असतील तर मशीनला लवचिकपणा उरत नाही. लाकडाचा तुकडा अडकला की सगळा झटका ब्लेडला बसतो. आट्यांमध्ये फट दिसलीच पाहिजे.

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४३-४४ वर जातो. उन्हाळ्यात ताण वेगळा ठेवायचा का?

हवेच्या उष्णतेने फारसा फरक पडत नाही. ब्लेड लांबतं तशी लोखंडी चौकटही लांबते, दोन्ही जवळजवळ सारखी. फरक पडतो तो चालताना एकटं ब्लेड तापतं त्याने. १४ इंची मशीनचं साधारण २.४ मीटर लांबीचं ब्लेड ४० अंशांनी जास्त तापलं तर मिलिमीटरभर लांबतं. चाकांमधलं अंतर पक्कं आवळलेलं असेल तर एवढ्याने तुमचा १० किलोचा ताण जवळजवळ सगळा निघून जाईल. स्प्रिंग मोकळी असेल तर ती पसरून हे लांबणं सामावून घेते. म्हणून स्प्रिंग मोकळी ठेवण्याचा आग्रह इतका.

दुपारी सलग चिरकाम असेल तर अर्ध्या तासाने थोडं थांबा. आणि पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाची तिरीप थेट चाकाच्या रबरावर पडत असेल तर मशीन हलवा. रबर कडक होऊन तडकतं आणि ब्लेडची पकड जाते.

काम संपल्यावर ताण सैल करायचाच का?

हो. तापलेलं ब्लेड रात्री थंड होऊन आकसतं, म्हणजे ताण आपोआप वाढतो. त्याशिवाय एकाच जागी दाबून राहिल्याने रबरात खळगा पडतो आणि दुसऱ्या दिवशी मशीन थरथरतं. हँडव्हील किती आटे सोडलं ते ठरवून ठेवा, सकाळी तेवढेच परत द्या. सैल केल्यावर स्विचला एक पाटी अडकवा, "ब्लेड सैल आहे". सकाळी दुसराच कारागीर येऊन बटण दाबतो आणि ढिलं ब्लेड चाकावरून सुटतं. दिवसा लाइट गेली तरी आधी स्विच बंद करा, आणि लवकर यायची लक्षणं नसतील तर ताण सोडा.

आधी ताण, आधी ट्रॅकिंग की आधी गाइड?

ताण, ट्रॅकिंग (ब्लेड चाकावर मधोमध चालेल असं लावणं), गाइड. याच क्रमाने. ताण बदलला की ब्लेड चाकावर पुढे-मागे सरकतं, त्यामुळे आधी केलेलं ट्रॅकिंग वाया जातं. ताण दिल्यावर वरचं चाक हाताने फिरवत त्याचा कल बदला आणि ब्लेड मधोमध चालतंय का बघा. मगच गाइड. बाजूचं गाइड आणि ब्लेड यांच्यात नोटेच्या कागदाएवढी फट, आणि गाइडची पुढची कड दात्यांच्या खाचेच्या मागे.

वखारीतल्या मोठ्या मशीनला हेच नियम लागू आहेत का?

तत्त्व तेच, व्यवस्था वेगळी. तिथे बऱ्याच मशीनवर स्प्रिंगऐवजी तरफ आणि वजनं असतात. ब्लेड तापून लांबलं की वजन खाली येतं आणि ताण तेवढाच राहतो. ही फार चांगली रचना आहे, फक्त तरफेच्या सांध्यात भुसा आणि डिंक साठून ती अडकायला नको. हाताने उचलून बघा, सहज हलली पाहिजे.

चार-सहा इंच रुंद ब्लेडला आणखी एक काम लागतं. रोलरने किंवा हातोडीने ब्लेडचा मधला पट्टा किंचित लांबवतात, म्हणजे दोन्ही कडा जास्त ताठ राहतात. ते सॉ डॉक्टरचं, म्हणजे करवतीची ब्लेडं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं काम आहे. ते बिघडलेलं असेल तर वजनं वाढवून ब्लेड सुधारत नाही.

वाळूजच्या कारखान्यात लोखंड कापायचा आडवा बँडसॉ आहे. त्याला किती?

तिथे बायमेटल ब्लेड असतं आणि ताण लाकडापेक्षा जास्त, चौरस मिलिमीटरला २० ते ३० किलोपर्यंत. ब्लेड बनवणाऱ्याचा आकडा पाळा. हायड्रॉलिक ताण असेल तर सिलिंडरमधला दाब आणि ब्लेडचा ताण हे वेगवेगळे आकडे आहेत, तेव्हा एकदा गेज लावून मेळ घाला. नवं ब्लेड पहिल्या काही कापांत निम्म्या फीडवर (माल कापात शिरण्याच्या निम्म्या वेगावर) चालवा, नाहीतर कोऱ्या दात्यांची टोकं तुटतात.

नवं ब्लेड लावलं, ताण मोजला, तासाभराने परत ढिलं वाटतं. ब्लेड खराब आहे का?

नाही. नवं ब्लेड चाकावर आणि रबरात बसायला थोडा वेळ घेतं. पहिले पाच-दहा काप झाले की मशीन बंद करून ब्लेड थंड होऊ द्या आणि ताण परत मोजा. गरम असतानाच मोजून आवळलंत तर थंड झाल्यावर तो जास्त होईल. दुसऱ्या मोजणीनंतरही रोज उतरत असेल तर हँडव्हीलच्या स्क्रूचे आटे झिजलेत का ते बघा, आणि वरच्या चाकाचा सरकता ब्लॉक आपल्या खोबणीत तिरका होऊन अडकत नाही ना, तेही. बहुतेक वेळा तिथे भुसा मिसळलेलं जुनं ग्रीस घट्ट बसलेलं असतं. रॉकेलने धुवा, पुसून कोरडं करा आणि नवं ग्रीस अगदी पातळ लावा.